अ‍ॅपल कपचा शनिवार

पहाटे ५

रात्रपाळीचा मुलगा नाइट ऑडिट संपवून कागद माझ्यापुढे सरकवतो आणि जाकीट चढवून निघतो. सगळ्या खोल्या भरलेल्या, शिवाय प्रतीक्षायादीवर नावं. आज २० सप्टेंबर २०२५. वॉशिंग्टन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या आमच्या पुलमन गावात आज अ‍ॅपल कपचा सामना आहे. इथलं वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ विरुद्ध सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ. किरमिजी विरुद्ध जांभळा, कूगर विरुद्ध हस्की. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकेतला, खांद्यांवर ढाली बांधून खेळतात तो. या दोघांचा पहिला सामना १९०० साली झाला.

मी एका छोट्या हॉटेलची मॅनेजर आहे. नवरा विद्यापीठात गव्हाच्या वाणांवर काम करतो, म्हणून कोल्हापूर सोडून आम्ही या टेकड्यांत येऊन राहिलो. गावाची वस्ती ३३ हजारांच्या आसपास आणि स्टेडियममध्ये बसायची सोयही साधारण तितक्यांचीच. वर्षातून सहा-सात शनिवारी ते उघडतं. या शनिवारांवर, वसंतातल्या मॉम्स वीकेंडवर आणि मे महिन्यातल्या पदवीदानावर इथली हॉटेलं हिवाळा काढतात. त्यामुळे कॉलेजांच्या खेळांचे जुने गट फुटले, तेव्हा त्याची झळ आमच्या काउंटरपर्यंत यायला वेळ लागला नाही.

सकाळी ६

लॉबीतल्या टीव्हीवर ईएसपीएनचा ‘कॉलेज गेमडे’ सुरू होतो. पूर्व किनाऱ्यावर आत्ता नऊ वाजलेत. दर शनिवारी हा कार्यक्रम वेगळ्या गावातून होतो, निवेदकांच्या मागे हजारोंची गर्दी असते. लवकर उठलेले पाच-सहा पाहुणे कॉफी घेऊन उभे आहेत. निवेदक काय बोलतात याकडे त्यांचं लक्ष नाही, गर्दीत ते एक झेंडा शोधतायत.

दिसला! किरमिजी, वर कूगरचं चिन्ह. लॉबीत टाळ्या पडतात.

ऑक्टोबर २००३पासून प्रत्येक आठवड्याला हा झेंडा या कार्यक्रमात फडकत आला आहे. सामना जॉर्जियात असो नाहीतर टेक्सासमध्ये, खेळणाऱ्यांत आपलं विद्यापीठ नसलं तरी जवळपास राहणारा कुणी माजी विद्यार्थी काठी-झेंडा घेऊन अंधारात तिथे जाऊन उभा राहतो. त्याचे पैसे मिळत नाहीत. खुद्द हा कार्यक्रम पुलमनला यायला २०१८चा ऑक्टोबर उजाडावा लागला. त्या दिवशी आमच्या पोरांनी ओरेगनला ३४-२० हरवलं होतं.

इतकी माया असलेल्या गावाला २०२३ साली टीव्हीच्या बाजारात कुणी विचारलं नाही. ते मला आजही पटलेलं नाही.

सकाळी ६.३०

न्याहारी. वॉफलच्या यंत्रापुढे किरमिजी आणि जांभळे शर्ट एकाच रांगेत. याकिमाहून येणारं एक वयस्क जोडपं आहे. आजोबा इथे शिकलेले, आजी सिएटलला. सामन्याच्या दिवशी दोघं आपापल्या रंगात येतात आणि स्टेडियममध्ये शेजारी बसतात.

“बर्फ नाही, टोप्या नाहीत, हा कसला अ‍ॅपल कप?” आजी म्हणतात.

त्यांचं खरं आहे. हा सामना नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास व्हायचा. मुलं-नातवंडं घरी आलेली, गुरुवारी टर्की आणि शनिवारी अ‍ॅपल कप. १९९२ साली इथे बर्फाच्या वादळात सामना झाला, ड्रू ब्लेडसोने फेकलेला चेंडू झेलून फिलिप बोबो हद्दीबाहेरच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात घसरत गेला आणि आम्ही ४२-२३ जिंकलो. ते छायाचित्र गावातल्या किती भिंतींवर असेल! आता नोव्हेंबरचा तो शेवटचा आठवडा वॉशिंग्टन विद्यापीठाने ओरेगनसाठी राखून ठेवला आहे, कारण ते दोघं आता बिग टेनमध्ये आहेत. आमची भेट सप्टेंबरच्या उन्हात, जागा सापडली तिथे.

मराठी वाचकाला हे कॉन्फरन्स प्रकरण नीट सांगायला हवं. इथे विद्यापीठांचे खेळ हा फार मोठा व्यवहार आहे. एनसीएए ही मध्यवर्ती संस्था नियम करते, पण कोण कुणाशी खेळणार हे ठरवतात विद्यापीठांचे गट, आणि फुटबॉलच्या टीव्ही हक्कांचा मोठा सौदाही तेच करतात. या गटाला म्हणतात कॉन्फरन्स. हे गट जन्मले ते शेजारधर्मातून. आगगाडीने जाऊन-येऊन खेळता यावं एवढ्या अंतरातली विद्यापीठं एकत्र आली. पॅसिफिक किनाऱ्यावरचा गट डिसेंबर १९१५मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी स्थापन केला. सिएटलवाले संस्थापक, आम्ही १९१७ला आत आलो. मधे, १९५९ साली, खेळाडूंना चोरून पैसे देण्याच्या भानगडींमुळे तो मोडला, पुन्हा जुळला, वाढला, आणि २०११पासून पॅक-१२ म्हणून ओळखला जाऊ लागला.

फाटाफुटीचं मूळ मात्र १९८४च्या एका निकालात आहे. तोवर कुणाचे किती सामने टीव्हीवर दिसणार हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं त्याविरुद्ध कोर्टात गेली, सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएची मक्तेदारी मोडली, आणि हक्क विकायला बाजार मोकळा झाला. बाजार मोठ्या शहरांच्या मागे जातो. ३० जून २०२२ला लॉस एंजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांनी, यूएससी आणि यूसीएलएने, पॅक-१२ सोडून मध्य-पश्चिमेतल्या बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. दोन महिन्यांच्या आत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, ७०० कोटी डॉलरहून मोठा. पॅक-१२च्या हातात लॉस एंजेलिसशिवाय उरलेला नकाशा होता. चालकांनी आधी जास्तीचा भाव धरला, मग गिऱ्हाईक मिळेना, आणि शेवटी अ‍ॅपलच्या स्ट्रीमिंगचा प्रस्ताव तेवढा टेबलावर राहिला, ज्यात कमाई वर्गणीदारांच्या आकड्यावर अवलंबून होती. २७ जुलै २०२३ला कोलोरॅडो गेलं.

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. उरलेली नऊ विद्यापीठं सकाळी सह्या करणार अशी बातमी होती. मी याच काउंटरमागे होते. दुपारपर्यंत ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले. रात्रीपर्यंत अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२मध्ये. चार उरले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिकच्या गटात! उरलो दोघं: आम्ही आणि ओरेगन स्टेट, कोर्व्हॅलिस गावचे. दोन्ही शेतकीच्या शिक्षणासाठी सरकारने जमिनी देऊन उभी केलेली विद्यापीठं, दोन्ही छोट्या गावांतली.

त्या आठवड्यात आमच्याकडे ज्यांनी फोन केले ते खोली रद्द करायला नव्हे, तर पुढच्या वर्षी कोण येणार ते विचारायला. मला काय ठाऊक असणार? “तुम्ही तरी या,” एवढंच मी म्हणायचे.

सकाळी ८

कोल्हापुरात रात्रीचे साडेआठ. दादाचा फोन. शाहू स्टेडियमवर मोसमात एक सामना न चुकवणारा माणूस, त्यामुळे आज काय आहे हे त्याला मी आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं.

“अगं पण ते त्यांच्या लीगमधून खेळत्यात, तुम्ही तुमच्या. मग आज कशापायी?”

मी त्याला त्याच्याच भाषेत सांगते. पाटाकडील तालीम मंगळवार पेठेची आणि शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेचं. उद्या कुणी येऊन पाटाकडीलला म्हणालं, टीव्हीवाले जास्त पैसे देतायत, आता तुमचे सामने गुवाहाटीला, जालंधरला, कोचीला. शिवाजी तरुणशी वर्षातून एकदा खेळा, जमलं तर. काय होईल?

दादा जरा वेळ काहीच बोलत नाही. मग म्हणतो, “पेठेतली पोरं बघायला जाणार कशी?”

बस, एवढाच प्रश्न. शेजाऱ्याशी असलेलं वैर टिकतं ते जाऊन-येऊन. हरल्यावर दुसऱ्या दिवशी दुकानात, कचेरीत, सोयऱ्यांच्या जेवणात ते तोंड दाखवावं लागतं. सिएटल ते पुलमन रस्त्याने सुमारे ४६० किलोमीटर, जवळपास पाच तास. डोंगरातली खिंड ओलांडायची, व्हँटेजला कोलंबिया नदीवरचा पूल, मग २६ नंबरचा रस्ता: ऑथेलो, वॉशटकना, डस्टी आणि कोलफॅक्स. माझे पाहुणे ही गावं जपमाळेच्या मण्यांप्रमाणे म्हणून दाखवतात, कुठे कॉफी बरी मिळते आणि कुठे पोलीस दबा धरून असतात त्यासकट. नव्या गटातल्या रटगर्स विद्यापीठाशी खेळायला सिएटलहून न्यू जर्सीला जायचं तर अख्खा देश ओलांडून जावं लागतं. तो रस्ता कुणाच्या तोंडी बसणार नाही.

आईची चौकशी होते. उद्या सर्वपित्री, परवा घट बसायचे. घटासाठी माती आणि गहू मिळतो का, आई मागून ओरडून विचारते. गव्हाच्या राज्यात राहते मी, आई!

सकाळी ९.३०

ताटं उचलायला मदत करणारी मुलगी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मैत्रिणींत खेळाडू बऱ्याच आहेत. फुटबॉलचा संघ खास विमानाने जातो. बाकीच्या खेळांतल्या मुली साध्या विमानाने, दोन ठिकाणी बदलून. टीव्हीचा करार झाला फुटबॉलसाठी, आणि त्यापायी व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर खेळणाऱ्या मुलींनी किनारा ते किनारा उडायचं. रविवारी रात्री उशिरा परत, सोमवारी सकाळी रसायनशास्त्राची परीक्षा. स्टॅनफर्ड-बर्कलीच्या, सिएटल-लॉस एंजेलिसच्या मुलींचं आता हे नेहमीचं आहे. त्यांचं पुढे व्यावसायिक खेळात फारसं काही होणार नसतं, त्या खरोखर शिकायला आलेल्या असतात. या साऱ्या उलाढालीत मला सर्वात जास्त लागतं ते हे.

पैशाची ओढाताण दुसऱ्या बाजूनेही आहे. यंदा जूनमध्ये कोर्टाने एक मोठी तडजोड मंजूर केली. आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांच्या कष्टाचं मिळायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्यांच्याकडे टीव्हीचे पैसे आहेत ते देतील. जुन्या पॅक-१२मधून एकेका विद्यापीठाला वर्षाला तीन कोटी डॉलरच्या वर वाटा यायचा. तो गेल्यावर पुलमनमध्ये काटकसर आली, आणि याच जूनमध्ये अ‍ॅथलेटिक्समधल्या उड्या आणि फेकी बंद करून लांब पल्ल्याच्या धावण्यावर भर द्यायचं ठरलं. भालाफेक टीव्हीवर कोण बघतं, असं म्हणणारे भेटतात. तो भाला फेकायला कुणीतरी वयाच्या बाराव्या वर्षापासून पहाटे उठत आलेलं असतं.

सकाळी ११

दूध, अंडी, बर्फ संपत आलंय. गाडी काढते. गावाबाहेर पडलं की पलूसच्या टेकड्या. कापणी झालेली, धसकटं पिवळी, काही उतारांवर हिवाळी गव्हाची पेरणी सुरू. इथे मसूर आणि काबुली चणेही पिकतात. ऑगस्टमध्ये गावात मसुराचा उत्सव भरतो. ओळखीच्या शेतकऱ्याने मूठभर गहू पिशवीत घालून दिला, माती त्याच्याच बांधावरची. घटाचं काम झालं.

हा शेतकरी कोलफॅक्सचा. पुलमनपासून २५ किलोमीटरवर काउंटीचं ठाणं, छोटंसं. २०२३च्या शरदात पॅक-१२चा निवाडा तिथल्या कोर्टात झाला. जाणाऱ्या दहा विद्यापीठांना वाटत होतं की गट सोडेपर्यंत संचालक मंडळात आपलं मत चालावं, म्हणजे शिलकीचं काय करायचं तेही त्यांनीच ठरवायचं. न्यायाधीश गॅरी लिबी यांनी नोव्हेंबरमध्ये कारभार उरलेल्या दोघांच्या हाती दिला, डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला, आणि तडजोडीत जाणाऱ्या प्रत्येकाने सुमारे ६५ लाख डॉलर मागे सोडले. शेकडो कोटींच्या खेळातलं एक पान गव्हाच्या कोठारांजवळच्या कोर्टात लिहिलं गेलं. शेतकरी ते आठवून आजही मान ताठ करतो.

दुपारी १

चेक-इन तीनला, पण येणारे एकपासूनच येतात. खोली तयार नसेल तर सामान ठेवून घ्यायचं, गाडीला जागा दाखवायची. हाउसकीपिंगच्या दोघी पळतायत. चादरींची तिसरी खेप वाळवणीच्या यंत्रात.

लॉबीतल्या टीव्हीवर ओक्लाहोमा विरुद्ध ऑबर्न. टीव्हीपुढे गर्दी आहे ती ओक्लाहोमाच्या क्वार्टरबॅकसाठी, चेंडू फेकणाऱ्या म्होरक्यासाठी. जॉन मटीर. मागच्या सप्टेंबरात सिएटलमध्ये याच पोराने आम्हाला अ‍ॅपल कप जिंकून दिला होता, २४-१९. डिसेंबरात तो ओक्लाहोमाला गेला. त्याच्या आधीचा कॅम वॉर्ड २०२३च्या मोसमानंतर मायामीला गेला आणि यंदा एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत देशात पहिला घेतला गेला. मुख्य प्रशिक्षकही मागच्या वर्षअखेर वेक फॉरेस्टला गेले. नियम असे बदललेत की खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतो, आणि मोठ्या गटांकडे द्यायला पैसे आहेत. पोरांना मी दोष देत नाही. पण चौथ्या वर्षाचा निरोप, आईवडिलांना मैदानावर बोलावून टाळ्या, हे सगळं ज्यांच्यासाठी असायचं ते आता दुसऱ्याच गावात असतात.

“छान खेळतोय,” एक आजोबा म्हणतात. खरंच म्हणतात. पुढे ओक्लाहोमा २४-१७ने जिंकतं तेव्हा लॉबीत टाळ्याही वाजतात.

दुपारी २.३०

सिएटलचे एक गृहस्थ, डोक्यावर जांभळी टोपी, चावीची वाट बघत काउंटरशी टेकलेले. मी त्यांना विचारते, बिग टेन कसं वाटतंय?

“मोठी नावं येतायत गावात. मिशिगन, ओहायो स्टेट. तो आनंद आहे.” मग मोजायला लागतात. आयोवातला सामना तिकडच्या वेळेने अकराला, म्हणजे त्यांच्याकडे सकाळी नऊला. इंडियानाचाही नऊला. पूर्वी ते वर्षाला दोन परगावचे सामने गाडीने करायचे, आता एकही नाही जमत. शिवाय वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनमध्ये गेले ते पूर्ण वाट्यावर नव्हे, सुरुवातीला साधारण अर्ध्या वाट्यावर, वर्षाला तीन कोटी डॉलरच्या आसपास. “आम्ही गेलो नसतो तर आमचंही तुमच्यासारखं झालं असतं,” ते म्हणतात. “आम्हाला तुम्हाला टाकायचं नव्हतं.”

माझा त्यांच्यावर राग नाही. निर्णय त्यांनी घेतला नव्हता, कुठल्याच प्रेक्षकाने घेतला नव्हता. पण त्यांच्या विद्यापीठाला आणि आमच्याला एकाच राज्याच्या तिजोरीतून पैसे मिळतात, आणि राज्याच्या कारभाऱ्यांपैकी कुणी त्या दिवशी दार अडवून उभं राहिलं नाही, हे मी त्यांना सांगून टाकते. ते मान डोलावतात.

दुपारी ४.३०

किकऑफ. सीबीएसवर देशभर. वेळ टीव्हीवाले ठरवतात. कधीकधी सामन्याला १२ दिवस उरले की, कधी तर फक्त ६ दिवस आधी. रात्री साडेसातचा सामना असला की सिएटलला परत जाणाऱ्याला घर गाठायला पहाट होते, म्हणून तो येतच नाही. आजची वेळ बरी आहे.

हॉटेल रिकामं. टेकडीपलीकडून स्टेडियमची गर्जना ऐकू येते. आता अर्धा तास बसायला मिळतो. जेवण, म्हणजे सकाळचा भात आणि आमटी. रेडिओ चालू.

बसल्या बसल्या मोसमाचं वेळापत्रक बघते, कारण भाडी त्यावर ठरवायची. ऑगस्टअखेर आयडाहो विद्यापीठ आलं होतं, ते शेजारच्या मॉस्को गावातलं, इथून १३ किलोमीटर. आम्ही १३-१० सुटलो. तेव्हा खोल्या कमी लागल्या, पण गावात जीव आला होता, दोन्ही गावांतली माणसं एकमेकांना ओळखतात. पुढे टोलेडो आणि लुइझियाना टेक येतील. त्यांच्या मागून इथवर गाडीने कोण येणार? परगावचे सामने मिसिसिपीत, आणि व्हर्जिनियात दोन वेळा. ओरेगन स्टेटशी यंदा दोनदा खेळायचंय, एकदा तिथे, एकदा इथे, कारण गटात दोघंच आहेत. असा मोसम मी याआधी पाहिला नव्हता.

येत्या जुलैपासून पॅक-१२ नव्याने उभा राहणार. बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट, आणि फुटबॉल सोडून बाकीच्या खेळांना गोन्झागा. गोन्झागा स्पोकेनचं, इथून दीड तास. बॉइसीचे लोक तर गाड्या भरभरून येतील. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण टेक्सास सोडून बाकीची पाचही ‘स्टेट’ मंडळी आम्ही माउंटन वेस्ट या दुसऱ्या गटातून उचलली. २०२४मध्ये आम्हाला खेळायला कुणी नव्हतं तेव्हा त्याच माउंटन वेस्टने १ कोटी ४० लाख डॉलर घेऊन का होईना, सामने दिले होते. आता त्यांच्याशीच फोडाफोडीच्या दंडावरून, साडेपाच कोटी डॉलरवरून, कोर्टात वाद चालू आहे. लॅरामीत, वायोमिंगमध्ये, माझ्याजागी कुणीतरी काउंटरवर असेल आणि तिला तिचे पाहुणे विचारत असतील, पुढच्या वर्षी कोण येणार? आम्हाला जे लागलं ते आम्ही पुढे ढकललं. हे पुलमनमध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही, पण बोललं पाहिजे.

आणि टेक्सास स्टेट सॅन मार्कोसला आहे. तिथे गाडीने जायचं तर दोन-तीन दिवस लागतात. तो रस्ताही टीव्हीनेच आखलेला आहे.

संध्याकाळी ७

बाहेर सूर्य बुडाला. रेडिओवरचा आवाज उतरत चाललाय. दोन कुटुंबं मुलांना घेऊन लवकर परतली. मुलांना दूध-बिस्किटं.

रात्री ८.१५

५९-२४. हस्की जिंकले.

गेल्या शनिवारी टेक्सासमध्ये नॉर्थ टेक्सासने आमच्यावर ५९-१० अशी मात केली होती. लागोपाठ दुसऱ्यांदा ५९. दारातून येणाऱ्या किरमिजी शर्टांना मी नेहमीप्रमाणे ‘गो कूग्ज’ म्हणते. हा इथला रामराम आहे. अनोळखी विमानतळावर टोपी पाहून दोन माणसं हेच म्हणतात. सगळे उत्तर देतात, आवाज जरा बसलेले.

निकाल एवढा मोठा का लागला? संघ नवा, प्रशिक्षक नवे, हे आहेच. पण दोन वर्षांपूर्वी हेच दोघं सिएटलमध्ये भिडले तेव्हा हस्की अपराजित होते, पुढे राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेले, आणि आमच्याविरुद्ध त्यांना शेवटच्या सेकंदाच्या किकवर २४-२१ असं सुटावं लागलं होतं. दोन वर्षांत पैशाने हे अंतर पाडलं, आणि असंच चाललं तर ते वाढत जाईल. एक बाजू कायम जिंकायला लागली की जाऊन-येऊन असलेल्या वैराला अर्थ उरत नाही. जांभळ्या टोपीचे गृहस्थही आत आले ते उड्या मारत नव्हते.

रात्री ९.३०

बर्फाचं यंत्र बंद पडलं. वरच्या मजल्यावर एका खोलीचं दार उघडेना. कुणाला जास्तीच्या उशा, कुणाला चार्जर, कुणाला डोकेदुखीची गोळी. याकिमाचं जोडपं लॉबीत बसून चीजचा डबा उघडतंय. ‘कूगर गोल्ड’, विद्यापीठाच्याच क्रीमरीत होतं, पत्र्याच्या गोल डब्यात मिळतं. बनवायला विद्यार्थीही असतात. आजी सुरीने तुकडे करून सगळ्यांना वाटतायत, जांभळ्यांनाही. आजोबा १९९७चं सांगतायत: रायन लीफ, सिएटलमध्ये ४१-३५, आणि मग ६७ वर्षांनी रोझ बोलचा मानाचा सामना. बाजूला बसलेला सिएटलचा एक तरुण लक्ष देऊन ऐकतोय. तो तेव्हा जन्मलाही नसेल.

या लॉबीतली बहुतेक माणसं गाडीने आली आहेत. दूरच्या शहरात सोफ्यावर बसून बघणारे किती, ते मोजायची यंत्रं आहेत आणि त्या आकड्यावर शेकडो कोटींचे करार होतात. पाच तास गाडी चालवून, दोन रात्रींचं भाडं भरून, हरल्यावरही शेजाऱ्याला चीज वाटणारा माणूस कुठल्या आकड्यात धरतात? जे करार करतात त्यांनी एकदा अशा शनिवारी माझ्या काउंटरमागे उभं राहावं, असं मला फार वाटतं.

रात्री ११

रात्रपाळीचा मुलगा आला. त्याला सगळं सांगते: बर्फाचं यंत्र, ते अडकलेलं दार, पहाटे चारला विमानतळावर सोडायचे दोघं.

निघताना याकिमाचे आजोबा काउंटरशी येतात. पुढच्या वेळची खोली आत्ताच सांगून ठेवायची आहे, तीच, तळमजल्यावरची, जिन्याचा त्रास नको. मी हिशेब करते. दोन्ही विद्यापीठांचा करार २०२८पर्यंतचा. २०२६ सिएटलला, २०२७ इथे, २०२८ पुन्हा सिएटलला. त्यापुढचं ठरलेलं नाही.

“२०२७,” मी सांगते. “तारीख अजून माहीत नाही. आमचा कॉम्प्युटर एवढ्या लांबचं घेत नाही.”

“मग कागदावर घे.”

मी काउंटरखालची वही काढते. त्यांचं नाव, फोन, तळमजला, दोन रात्री. आजी मागून सांगतात, तारीख नोव्हेंबरात पडली तर हीटर आधीच चालू करून ठेवायचा, तेही लिही. तेही लिहिते, आणि त्यांच्या मागे अजून दोघं उभे असतात, एक किरमिजी, एक जांभळा, त्यांचीही नावं घेते.